बालकांच्या माउली कै. ताराबाई मोडक

भगिनींनो, आपल्या पोंभुर्ण्यात अंगणवाडी माहीत नाही असे एकही घर नसेल. पण तिला अंगणवाडी का म्हणतात, हे मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हते. माझा नातू दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्मला. आठ महिन्यांचा झाला तरी तो बसेना. तेव्हा आल्यागेल्याने हे मूल मंद निघणार असे बोलायला सुरुवात केली. माझी लेक रात्र रात्र रडत असे. त्या दिवसांत अंगणवाडीच्या ताईंनी आम्हाला धीर दिला आणि त्यांच्याच तोंडून मी ताराबाई मोडकांचे नाव प्रथम ऐकले. त्या थोर बाईंची हकीकत माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे येथे सांगते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत केळकरांच्या प्रार्थनासमाजी घरात झाला. मुलींनी लिहावाचायला शिकणे हेच नवल असण्याच्या त्या काळात, १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या वऱ्हाडात आल्या. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला. पदरी लहान मुलगी होती. दुसरी एखादी बाई खचून गेली असती. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तेथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या.

मानाची जागा होती, पण त्यांचे मन लहान मुलांकडे ओढ घेत होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून बालमंदिर चालविले होते. गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणत. १९२३ साली ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. इटलीच्या माँटेसरीबाईंची पद्धत त्या दोघांनी अभ्यासली. मुलाला भीती घालू नये, मारू नये, त्याच्या हातांना काम द्यावे आणि त्याला आपल्या गतीने शिकू द्यावे, हे तिचे सार. १९२६ साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे मुंबईस दादरला ताराबाईंनी शिशुविहार चालविला.

शहरातल्या मुलांची सोय झाली, पण खेड्यातल्या गरिबांच्या मुलांचे काय, ही रुखरुख त्यांना लागली. म्हणून १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ ही बालविधवा शिक्षिका तेथे त्यांच्या मदतीस आली व जन्मभर त्यांच्याबरोबर राहिली.

बोर्डीस बालवाडी उघडली, परंतु हरिजन वस्तीतली मुले तिकडे येईनात. ताराबाईंनी मुलांना किंवा त्यांच्या आयांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! मुलांना तेथेच न्हाऊ घालायचे, नखे काढायची, गाणी म्हणायची, खेळ खेळायचे. महागडी खेळणी कोठून आणणार? शिंपले, गोटे, बिया, पाने हीच त्यांची साधने झाली. त्यांनीच मोजणे आले, रंग कळले, लहानमोठे समजले.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. तेथली मुले दिवसभर गुरे राखीत. मग शाळा कुरणात भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीचीही शाळा चुकू नये. १९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी.

मूल जेथे आहे तेथे आपण जावे, हे या चरित्राचे सार मला वाटते. आमच्या घरी ताईंनी हेच शिकविले. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलाच्या बसण्या-बोलण्याचा हिशेब दोन वर्षांचे होईपर्यंत जन्मतारखेवरून नव्हे, तर दिवस भरण्याच्या तारखेवरून धरायचा असतो. त्या हिशेबाने आमचा नातू तेव्हा सहाच महिन्यांचा होता! तरीही त्यांनी आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही. डॉक्टरांकडून वेळच्या वेळी तपासून घ्यायला लावले. बाळाशी सतत बोला, त्याच्या आवाजाला उत्तर द्या, हातात खुळखुळा द्या, असे सांगितले. पहिल्या दोनतीन वर्षांत मेंदू फार झपाट्याने वाढतो, आणि त्याला दुधाइतकीच माणसांच्या बोलण्याची भूक असते. आता नातू अंगणभर धावतो आणि मला आजी म्हणून हाका मारतो.

भगिनींनो, रोवणीच्या दिवसांत आपण बांधीत जातो आणि लहानगी घरी म्हाताऱ्यांपाशी नाहीतर थोरल्या बहिणीपाशी राहतात. त्या दिवसांत मंडळाच्या दोघीदोघींनी पाळीपाळीने वस्तीतल्या मुलांना घेऊन बसावे. चिंचोके, सीताफळाच्या बिया आपल्याकडे हव्या तितक्या आहेत. मात्र नाकातोंडात जातील अशा वस्तू अगदी लहानग्यांच्या हाती देऊ नयेत. आणि उशिरा चालणाऱ्या, उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या आईला मंद हा शब्द कोणीही ऐकवू नये. एवढे आपण केले, तर ताराबाईंची पुण्याई आपल्या अंगणात नांदेल.