केसोबास : पाठातून घडलेले ग्रंथकार

सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ यांशी ज्याचा परिचय नाही, असा साधक आपल्या मार्गात विरळाच. भिक्षुक असो वा वासनिक, ब्रह्मविद्येचे पहिले वचन त्याच्या कानी पडते ते याच ग्रंथांतून. परंतु ही वचने ज्यांनी निवडून आपल्या हाती दिली, त्या आचार्य केसोबासांच्या लेखनाचे मर्म कशात आहे, याचा विचार क्वचितच होतो. ते मर्म त्यांच्या वाचनात आहे.

केशिराज अथवा केशवराज सूरी या नावांनीही ओळखले जाणारे केसोबास हे श्रीनागदेवाचार्यांचे शिष्य. मार्गात येण्यापूर्वीच त्यांचा संस्कृत विद्येचा व्यासंग मोठा होता. विद्वान मनुष्य शरण आला तरी त्याची विद्या लगेच शरण येत नाही. केसोबास आणि पंडितबास आचार्यांना संस्कृतातून प्रश्न करू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले. सर्वज्ञांनी आपणास मराठीतच निरूपण केले आहे, तेव्हा विचारावयाचे ते मराठीतच विचारावे, असे त्यांनी सांगितले. पुढे केसोबास ग्रंथरचना संस्कृतात करू पाहत होते. तेव्हाही आचार्यांनी निषेध केला. त्यांना चिंता होती ती मार्गातील वृद्ध स्त्रियांची. शास्त्र संस्कृतात गेले, तर श्रवणावरच ज्यांचा निर्वाह त्या साध्याभोळ्या साधिका त्याला मुकल्या असत्या. केसोबासांनी ही आज्ञा मानली. रत्नमालास्तोत्रासारखी संस्कृत रचना त्यांच्या नावावर आहे. पण मार्गाला आधारभूत झाले ते त्यांचे मराठी कार्य.

ते कार्य समजण्यासाठी त्या काळचे ऋद्धिपूर डोळ्यांपुढे आणावे लागते. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांचे वियोगी भक्त तेथे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहत होते. शके 1200 च्या सुमारास म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांकडून स्वामींच्या लीळा ऐकल्या, प्रत्यक्षदर्शींना गाठून प्रत्येक प्रसंगाची शहानिशा केली आणि लीळाचरित्र सिद्ध केले. स्वामींची वचने या लीळांमध्ये विखुरलेली होती. एखादे वचन भोजनाच्या प्रसंगी, एखादे वाटचालीत, तर एखादे कोणाच्या शंकेला उत्तर म्हणून आलेले. केसोबासांनी आचार्यांच्या संमतीने ही वचने वेगळी काढून प्रकरणवार लावली. युगधर्म, विद्यामार्ग, महावाक्य, आचार, विचार अशी प्रकरणे उभी राहिली आणि सूत्रपाठ सिद्ध झाला.

हे काम एकदा पोथी चाळून होणारे नव्हते. पूर्वार्धातील वचन उत्तरार्धातील कोणत्या वचनाशी जुळते, कोणते वचन सर्वांसाठी आहे आणि कोणते त्या एका अधिकाऱ्यासाठीच आहे, हे कळावयास ग्रंथ पुनःपुन्हा वाचून चित्तात मुरवावा लागतो. ग्रंथाच्या नावातील ‘पाठ’ हा शब्दही पठणाचाच वाचक आहे.

या वाचनाचे फळ दृष्टांतपाठात दिसते. त्यात 114 दृष्टांत आहेत. प्रत्येकाची तीन अंगे : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. पहिली दोन श्रीमुखींची, तिसरे केसोबासांचे. जात्यंधांनी हत्ती चाचपला, ज्याच्या हाती जो अवयव आला त्याने तोच हत्ती मानला, हा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. संस्कृत पंडिताला अशा ठिकाणी पूर्वपक्ष मांडून मतमतांतरांचे खंडन करण्याचा मोह सहज झाला असता. केसोबास मोजक्या वाक्यांत दृष्टांताचा रोख दाखवितात आणि थांबतात. त्यांचे वाक्य लहान, शब्द घरादारांतले, अलंकार नाही. स्वामींचे गद्य जसे सहज, तसेच हेही. हे वळण व्याकरणाने दिलेले नाही. ज्याचे वाचन नित्य घडते त्याच्या वाक्याची लय नकळत आपल्या वाक्यात उतरते, तसे येथे झाले आहे.

पण वाचनाने त्यांना लिहावयास शिकविले, त्याहून अधिक आवरावयास शिकविले. दार्ष्टांतिक स्वतंत्र ठेवल्यामुळे श्रीमुखींचे वचन कोणते आणि आचार्यांचे विवरण कोणते, ही सीमा आजही स्पष्ट आहे. त्यांनी आपली विद्वत्ता वचनात मिसळली असती, तर आज आपण ईश्वरवचन म्हणून पंडिताचे वाक्य मुखोद्गत केले असते. ही हानी कोणत्याही टीकेने भरून निघाली नसती.

सूत्रे लीळांतून वेगळी झाल्यावर त्यांचा प्रसंग विसरला जाण्याचे भय होतेच. म्हणून पुढील आचार्यांनी कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले, हे सांगणारे प्रकरणवश रचले. तेही मूळ लीळा वारंवार वाचल्यावाचून शक्य नव्हते. आपली टीकापरंपरा अशी वाचकांच्याच हातून वाढली आहे.

मूर्तिप्रकाशात हेच केसोबास कवी म्हणून भेटतात. श्रीचक्रधरांच्या मूर्तीचे वर्णन करताना त्यांची वाणी फुलते. म्हणजे अलंकार त्यांना येत नव्हते असे नाही. ते कोठे घालू नयेत, हे त्यांना कळले होते.

आज निरूपण करणाऱ्याने व लेखणी धरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. चार टीका चाळून लेख लिहिता येतो. परंतु वचनाला धक्का न लावता त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार नित्य पाठानेच येतो. पहाटे पोथी उघडून चार सूत्रे वाचणारी वृद्ध वासनिक स्त्री हे जाणते. केसोबासांनी ग्रंथ मराठीत ठेवला तो तिच्यासाठीच.