गाईचं दूध, साखर आणि नोकरी गेलेले एक डॉक्टर: बर्नार्डो उसाय

गाईला हार्मोनचं इंजेक्शन देऊन दूध काढतात, असा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर कधीतरी येऊन गेला असेल. आपल्याकडे हा विषय बहुतेक वेळा ऑक्सिटोसिनचा असतो. कासेत आधीच तयार झालेलं दूध ते खाली उतरवतं, म्हणजे जनावराला पान्हा सोडायला लावतं. ग्रोथ हार्मोन ही पूर्ण वेगळी भानगड आहे. ते गाईच्या अंगातला साखरेचा हिशोबच बदलून टाकतं. हा हिशोब ज्यांच्या प्रयोगांमुळे उलगडू लागला, त्या माणसाची गोष्ट मला आज सांगायची आहे.

बर्नार्डो उसाय यांचा जन्म १० एप्रिल १८८७ चा, अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सचा. (स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच आहे, पण तो उच्चारत नाहीत.) घर फ्रान्समधून आलेल्या लोकांचं. पोरगं इतकं हुशार की चौदाव्या वर्षी फार्मसीच्या कॉलेजात आणि सतराव्या वर्षी पदवी हातात! मग डॉक्टरकी. शिकत असतानाच त्यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं वेड लागलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात हिला पीयूषिका म्हणतात. प्रबंधही त्यांनी याच ग्रंथीवर लिहिला. १९१० मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ते प्राध्यापक झाले आणि तेही पशुवैद्यकीय महाविद्यालयात. पुढे १९१९ मध्ये मेडिकल कॉलेजात आले आणि तिथे त्यांनी शरीरक्रियाशास्त्राची मोठी संस्था उभी केली.

आता मुख्य प्रयोग. १९२१ मध्ये कॅनडात इन्सुलिन सापडलं आणि डायबिटीस म्हणजे इन्सुलिनची कमतरता, एवढं सरळ गणित सगळ्यांना पटलं. उसाय यांना मात्र दिसलं की पिट्युटरी काढलेल्या कुत्र्याला इन्सुलिनचा थोडासा डोसही भारी पडतो. मग त्यांनी टोड आणि कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वादुपिंड काढलं की प्राण्याला जोराचा डायबिटीस होतो. पण सोबत पिट्युटरीही काढली तर तो डायबिटीस बराच सौम्य पडतो. उलट ग्रंथीच्या पुढच्या भागाचा अर्क टोचला, तर रक्तातली साखर वाढते. म्हणजे इन्सुलिन एका बाजूला ओढतं आणि पिट्युटरी दुसऱ्या बाजूला. या ओढाताणीत ग्रोथ हार्मोनचा मोठा हात आहे, हे नंतर कळलं.

नेमकी हीच ओढाताण दुधाळ गाईत कामाला येते. एक लिटर दुधासाठी कासेला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणजे ३० लिटर देणाऱ्या गाईला रोज दोन किलोच्या वर! आणि चाऱ्यातून तिला थेट ग्लुकोज मिळतं फारच थोडं, कारण बहुतेक सगळं कोठीपोटातले सूक्ष्मजीव आंबवून टाकतात. लागणारी साखर यकृताला स्वतः बनवावी लागते. ग्रोथ हार्मोन काय करतं? चरबी आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू देत नाही, त्यामुळे त्यांची साखर तुटते. यकृताला साखर बनवत राहायला लावतं. अंगातली चरबी इंधन म्हणून बाहेर काढतं. कासेला मात्र साखर ओढून घ्यायला इन्सुलिन लागतच नाही, म्हणून उरलेली सगळी तिकडे जाते. फोनमध्ये बाकी अ‍ॅप्सचा बॅकग्राउंड डेटा बंद करून सगळा स्पीड एकाच डाउनलोडला द्यावा, तसं. कुत्र्याला जे आजारी पाडतं, त्याच बदलातून गाईचं दूध वाढतं. तिची रक्तशर्करा फारशी चढत नाही, कारण कास ती खेचून घेते. मला हा या विषयातला सगळ्यात भारी भाग वाटतो.

१९३७ मध्ये सोव्हिएत संघात शेकडो गाईंना पिट्युटरीचा अर्क टोचून दूध वाढल्याचं दिसलं. महायुद्धात दूधटंचाई असलेल्या ब्रिटनमध्येही यावर काम झालं. पण कत्तलखान्यातून मिळणाऱ्या ग्रंथी पुरणार कुठून?

इकडे उसाय यांच्यावर वेगळंच संकट आलं. देशात लष्करी राजवट होती. १९४३ मध्ये लोकशाही हवी असं म्हणणाऱ्या जाहीर पत्रकावर त्यांनी सही केली आणि नोकरी गेली. बाहेरच्या देशांतून बोलावणी येत होती, ते गेले नाहीत. देणग्यांवर १९४४ मध्ये खासगी संशोधन संस्था काढली आणि तिथेच काम चालू ठेवलं. १९४७ चं नोबेल मिळालं तेव्हा ते विद्यापीठाबाहेरच होते. अर्धं पारितोषिक त्यांना, अर्धं कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला. विज्ञानातलं लॅटिन अमेरिकेचं हे पहिलं नोबेल. विद्यापीठात परतायला १९५५ उजाडलं. त्यांचे शिष्य लुईस लेलुआर यांनाही १९७० मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते पाहून, २१ सप्टेंबर १९७१ ला उसाय गेले.

त्यानंतर दहाएक वर्षांतच बॅक्टेरियाकडून गाईचं ग्रोथ हार्मोन बनवून घेता येऊ लागलं आणि कत्तलखान्यातल्या ग्रंथींची गरज संपली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांनी ते गाईंवर तपासलं. १९९३ मध्ये तिथे मंजुरी मिळाली. दर १४ दिवसांनी एक इंजेक्शन, दूध साधारण १० ते १५ टक्के जास्त.

पण साखर हवेतून येत नाही. इंजेक्शन सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे गाय खाते त्यापेक्षा जास्त ऊर्जा दुधात घालवते आणि अंगावरची चरबी उतरते. मग तिची भूक वाढते. पुरेसा चारा आणि पेंड मिळाली तर ती सावरते, नाहीतर वाळत जाते. दूध पिणाऱ्याचं म्हणाल, तर हे हार्मोन प्रथिन आहे, पोटात पचून जातं आणि माणसाच्या शरीरात ते कामही करत नाही. तरी कॅनडाने १९९९ मध्ये मंजुरी नाकारली, आणि युरोपीय संघानेही पुढच्या वर्षापासून कायमची बंदी घातली. कॅनडाने कारण दिलं ते गाईच्या तब्येतीचं: कासदाह आणि लंगडेपणा वाढतो.