श्वास मोजणारा हचिन्सन

शाळेत भिंतीला पाठ टेकवून उंची मोजून घेतल्याचे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. उंचीच्या त्या आकड्यावरून फुफ्फुसांच्या ताकदीचा अंदाज बांधता येतो, हे मात्र तेव्हा कुणी सांगितले नव्हते. तो संबंध दाखवून देणारा इंग्रज डॉक्टर जॉन हचिन्सन मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

हचिन्सनचा जन्म १८११ चा, न्यूकॅसलजवळच्या रायटन गावातला. क्षयाने घरेच्या घरे बसत, असा तो काळ. विमा कंपनीच्या डॉक्टरला माणसाच्या आयुष्याचा अदमास घ्यावाच लागे. हचिन्सनने स्पायरोमीटर घडवला. पाण्यात पालथे घातलेले भांडे, त्याला एक नळी. नळीतून फुंकले, की भांडे हवेने वर उचलले जाई. छातीभर श्वास घेऊन जेवढी हवा बाहेर सोडता येते, तिला त्याने व्हायटल कपॅसिटी म्हटले. खलाशी, पोलीस, कुस्तीगीर, छापखान्यातले कामगार अशा २१३० जणांची मापे त्याने १८४६ साली मांडली. उंची एक इंचाने वाढली, की हवा आठ घन इंचांनी, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटरने वाढते, असे त्याला आढळले. फ्रीमन नावाच्या धिप्पाड अमेरिकन मल्लाचा आकडा दोन वर्षांत पाचव्या हिश्शाने उतरला. पुढे तो क्षयानेच गेला.

१८५२ साली हचिन्सन ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि १८६१ मध्ये, पन्नाशीत, फिजी बेटांवर वारला.

त्याचे गणित मुख्यतः प्रौढांचे. वयात येणाऱ्या मुलांची उंची आधी झपाट्याने वाढते, फुफ्फुसे थोडी मागाहून भरतात. त्यामुळे उंचीबरोबर वय आणि मुलगा की मुलगी हेही पाहावे लागते. शिवाय तुलना कोणाशी करायची? २०१२ च्या जागतिक समीकरणांत भारतीय उपखंडाचा स्वतंत्र गटच नव्हता.

पेणच्या गणपती कारखान्यांतली घासकामाची धूळ असो, की रोह्याशेजारची धाटावची औद्योगिक वसाहत. मुलाचा खोकला लांबला, की पालकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच. अशा वेळी मापदंड चढा असेल, तर धडधाकट मूल रोगी ठरते. उतरता असेल, तर आजार नजरेतून निसटतो. म्हणून आपल्या मुलांची मापे आपल्याच मातीत घ्यायला हवीत आणि एकाच मुलाचे माप वर्षानुवर्षे घेत राहायला हवे. फ्रीमनच्या बाबतीत हचिन्सनला जे उमगले, ते दुसऱ्या मापामुळेच.