जबलपूरचा संपादक आणि फॅसिझमची तुलना

खिलाफत चळवळीच्या ऐन भरात, १९२० च्या सुमारास, जबलपुरातून ‘ताज’ नावाचे उर्दू पत्र निघत असे. त्याच्या संपादनाचा भार वाहणारा तरुण विशीतही आलेला नव्हता. २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबादेत जन्मलेला हा वकिलाचा मुलगा म्हणजे अबुल आला मौदूदी. ‘ताज’चा कल काँग्रेसकडे होता आणि मौदूदींनी त्या काळात गांधी व मालवीय यांची चरित्रेही लिहिली. पुढे ‘जमात-ए-इस्लामी’ स्थापणाऱ्या या गृहस्थांची सुरुवात अशी झाली, याचा विसर त्यांच्या अनुयायांना आणि टीकाकारांना सारखाच पडलेला दिसतो.

१९२६ मध्ये दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली. त्यानंतरच्या वादळात, ‘अल-जमियत’चे संपादक असताना, मौदूदींनी जिहादवर लेखमाला लिहिली. हैदराबादेतील वास्तव्यात त्यांच्या विचारांना पक्के वळण लागले. १९३९ मधील एका व्याख्यानात त्यांनी कल्पनेतील इस्लामी राज्य मांडले. जीवनाचे प्रत्येक अंग व्यापण्याच्या बाबतीत ते फॅसिस्ट व साम्यवादी राज्यांसारखे आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. मात्र सार्वभौमत्व ईश्वराचे असल्याने तेथे हुकूमशहाला जागा नाही, असा त्यांचा दावा होता. टीकाकार पहिल्या विधानाशी थांबतात, अनुयायी दुसऱ्याच विधानापासून सुरुवात करतात.

फॅसिझमचे दैवत राष्ट्र. मौदूदींना राष्ट्रवादच अमान्य होता, मुस्लिम लीगचाही. ऑगस्ट १९४१ मध्ये लाहोरला जमात स्थापन झाली तेव्हा त्यांनी पाकिस्तानच्या मागणीपासून अंतर राखले होते. येथे तुलना लंगडी पडते. परंतु निवडक, शिस्तबद्ध केडर, आज्ञाधारकता आणि व्यक्तीच्या खासगी आयुष्यावरही सत्ता सांगणारे राज्य, या बाजूंनी ती झटकून टाकता येत नाही. १९७० च्या निवडणुकीत पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत जमातला अवघ्या चार जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी पूर्व पाकिस्तानात तिच्या विद्यार्थी शाखेतून ‘अल-बद्र’ची पथके उभी राहिली आणि बंगाली विचारवंतांच्या हत्यांचा ठपका त्यांच्यावर आला. तेव्हा अमीर मौदूदीच होते.

मराठी वाचकाने मात्र ही फूटपट्टी एकाच बाजूला लावू नये. ज्या मध्यप्रांतात जबलपूर होते त्याच प्रांतातील, नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे १९३१ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले आणि तेथील युवक संघटनांनी प्रभावित होऊन परतले. मौदूदींनी साम्य कबूल केले ते केवळ शब्दांत. आणीबाणीत जमात-ए-इस्लामी हिंद व रा. स्व. संघ या दोघांवर बंदी आली तेव्हा दोन्हींचे कार्यकर्ते एकाच तुरुंगात राहिले, हाही एक योगायोगच.

१९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलींनंतर लष्करी न्यायालयाने मौदूदींना फाशीची शिक्षा सुनावली होती; ती रद्द होऊन १९५५ मध्ये ते सुटले. २२ सप्टेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील बफेलो येथे उपचार चालू असताना त्यांचे निधन झाले. दफन लाहोरच्या इछरा भागात, राहत्या घराच्या आवारात झाले.