केशवराव भोळे : मराठी नाटकात हवाईयन गिटार वाजवून घेणारा संगीतकार

१ जुलै १९३३. मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. प्रेक्षकांना सवय होती ऑर्गन-तबल्याची, लांबलचक पदांची आणि वन्समोअरची. ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेला हे सगळं बदलायचं होतं. संगीत होतं केशवराव भोळे यांचं, नायिका बिंबा होती त्यांची पत्नी ज्योत्स्ना भोळे. नाट्यमन्वंतरच्या संगीतात केशवरावांनी पियानो, व्हायोलिन आणि चक्क हवाईयन गिटार आणली.

केशवराव १८९६ साली जन्मले. ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी गवयांवर लिहिलं, म्हणजे परंपरेची जाण पक्की. मग गिटार कशी काय चालली?

उत्तर वाद्याच्या बांधणीतच आहे. नेहमीच्या गिटारची दांडी मागून गोलसर असते, कारण ती तळहातात धरून बोटांनी तारा दाबायच्या असतात. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तारा दांडीपासून उंच असतात आणि त्यांवरून पोलादी कांब सरकवतात. पडदे फक्त खुणेपुरते. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाता येतं, मींड निघते. पियानोचं घोडं इथेच अडतं!

दांडी हातात धरायचीच नाही, तर ती गोल कशाला? म्हणून अशा अनेक गिटारांची दांडी चौकोनी आणि जाडजूड झाली. उंच तारांचा ताण ती आरामात पेलते. १९२७च्या सुमारास अमेरिकेत जॉन डोपेरा यांनी पोटात ॲल्युमिनियमचे शंकू बसवलेली, विजेशिवाय मोठ्याने वाजणारी रेझोनेटर गिटार बनवली. तीही दोन्ही प्रकारच्या दांडीत मिळू लागली. गोल दांडीवाली तारा उंच करून मांडीवर वाजवता येते. चौकोनी दांडीवाली मात्र नेहमीसारखी हातात धरून वाजवता येत नाही.

त्याच १९३३ साली ‘प्रभात’ कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. आज जिथे एफटीआयआय आहे, तिथे तिचा स्टुडिओ होता. केशवराव प्रभातचे संगीतकार झाले. ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘संत तुकाराम’ (१९३६) त्यांचेच. वाद्यांचं वेड असलेल्या या माणसाने ‘कुंकू’मध्ये (१९३७) मात्र उलटंच केलं. पार्श्वसंगीत जवळजवळ काढूनच टाकलं आणि प्रसंगातल्या खऱ्याखुऱ्या आवाजांवर काम भागवलं.