तिरुपतीच्या रानातील अकरा दिवस : पंडिता रमाबाई



बजाजनगर ही कामगारांची वसाहत. येथील कित्येक घरांत १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आजही निघतात. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी तो काळ सोसला, त्यांना पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एक प्रकरण फारसे समजावून सांगावे लागणार नाही. रमाबाई आपल्या कॅथोलिक परंपरेतील नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत झाला. तरीही मराठी ख्रिस्ती घरात त्यांचे नाव परके नाही.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवल्यामुळे त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला होता. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने तीर्थयात्रेची वाट धरली. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत ठेवून एका माणसाने ती पेटी डोक्यावरून नेली. पुढे वर्षानुवर्षे देवळांच्या आवारात पुराणे सांगायची आणि श्रोते जे देतील त्यावर गुजराण करायची, असा त्यांचा जीवनक्रम राहिला.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यावर भीषण दुष्काळ कोसळला. पुराण ऐकायला कोण येणार? आधी चांदी व दागिने विकले गेले, मग वस्त्रे, शेवटी स्वयंपाकाची भांडी. कुटुंब तेव्हा तिरुपती येथे होते. अखेरचा तांदूळ संपला. मजुरी करणे कुळाला कमीपणाचे वाटे, भीक मागणे तर त्याहूनही लाजिरवाणे. आपल्या माणसांत अशी बेअब्रू सोसण्यापेक्षा अरण्यात जाऊन मरावे, असे ठरवून सारे रातोरात रानात शिरले.

अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वृद्ध अनंतशास्त्रींना दृष्टी उरली नव्हती. भुकेच्या यातना असह्य होऊन त्यांनी जवळच्या पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. वयाने सर्वांत मोठे म्हणून प्रथम ते जाणार होते, इतरांनी मागून जावे, असा विचार झाला. त्यांनी एकेकाचा निरोप घेतला. धाकट्या रमेची पाळी शेवटी आली. तिला कुशीत धरून, न दिसणाऱ्या मुखावरून हात फिरवीत, सन्मार्गाने चाल आणि देवाची सेवा कर, असे त्यांनी तिला सांगितले.

त्या क्षणी थोरले बंधू श्रीनिवासशास्त्री पुढे झाले. आपण जातीचा अभिमान टाकून मजुरी करू, बाबांना चालवत नसेल तर पाठीवर घेऊन डोंगर उतरू, असे त्यांनी सांगितले. चरित्रलेखक बहुधा येथून घाईघाईने कोलकात्याकडे वळतात. श्रीनिवासशास्त्रींच्या वाट्याला दोन ओळी येतात, याची मला नेहमी खंत वाटते. त्या दिवशी मोठे धैर्य तळ्यात उतरण्यात नव्हते, कुदळ उचलायला तयार होण्यात होते, आणि ते त्या तरुणाने दाखवले.

सुमारे दोन दिवसांनी ते पायथ्याच्या गावी पोहोचले. तेथेही आसरा मिळाला तो गावाबाहेरच्या एका पडक्या देवळात. तेथेच अनंतशास्त्रींनी प्राण सोडला. काही आठवड्यांत लक्ष्मीबाईही अंथरुणाला खिळल्या. त्यांच्यासाठी रमाबाई शेजारी भाकरी मागायला गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने न सांगता ओळखून भाकरी दिली. आईला मात्र ती गिळवली नाही. तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा उंचीने कमी असलेल्या रमाबाईंनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. थोड्याच महिन्यांत थोरली बहीण कृष्णाबाई हीदेखील गेली.

उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून जीव वाचवण्यासाठी वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्र काढली. १८७८ मध्ये ती कोलकात्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासशास्त्रींचे निधन झाले. त्याच वर्षी झालेला विवाह पतीच्या मृत्यूमुळे १८८२ मध्ये संपला आणि कन्या मनोरमा हिला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. ते पुढच्या वर्षी पुण्यास हलले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींच्या बातम्या आल्या, तेव्हा रमाबाईंजवळ पैसा बेताचाच होता. पण निराधार तरुण मुलीला भूक कोणत्या दारापर्यंत नेऊ शकते, हे त्या जाणून होत्या. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. त्यांनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर नेले. (हे नगरजवळचे केडगाव नव्हे, तर दौंड तालुक्यातील.) तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. ज्या कुटुंबाला एके काळी मजुरीची लाज वाटली होती, त्याच कुटुंबातील या कन्येने प्रत्येक मुलीला एखादे हातकाम शिकवण्याची व्यवस्था केली. विणकाम झाले, तेलाचा घाणा झाला, छापखानाही झाला.

५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. केडगावच्या त्या वस्तीत अंध स्त्रियांसाठी एक निराळे घर होते. शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तिमयावरून त्याचे नाव बार्तिमी सदन असे ठेवले होते. तेथे अंध स्त्रिया बोटांनी ब्रेल लिपी वाचायला शिकत.