मतदार यादीतला संन्यासी

१९८९ च्या नोव्हेंबरातली एक अख्खी दुपार मी नांदेडला, पीपल्स कॉलेजजवळच्या भाड्याच्या खोलीत झोपून काढली. लोकसभेचे मतदान होते, बँकेला सुट्टी होती आणि माझे नाव मात्र लातूरच्या यादीत होते. एका शिक्क्यासाठी एसटीचे धक्के खात लातूरला कोण जाणार? त्याच वर्षी मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले होते. शेजारची कॉलेजातली पोरे इस्त्रीचे कपडे घालून मतदानाला निघाली होती. त्यांचा गलका ऐकून मी कूस बदलली. पुढे त्या कॉलेजच्या संस्थापकाचे चरित्र वाचले तेव्हा त्या दुपारची लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

हे संस्थापक म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. मूळचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. १९२० साली टिळक गेले आणि शाळकरी व्यंकटेशाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचे काम करायचे ठरवले. सोलापूर, अमळनेर, पुणे असे शिक्षण झाले. मग कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली उमेदवारी केली. १९२९ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले आणि निजामाच्या राज्याचेच झाले. हिप्परग्याला असतानाच त्यांनी संन्यास घेतला. संन्यास म्हणजे घर सुटले, नाव सुटले, बापाचे आडनावही सुटले. आपल्या शास्त्राप्रमाणे असा माणूस व्यवहाराला मेलेलाच. हा संन्यासी मात्र पुढची सारी हयात एका अगदी व्यावहारिक गोष्टीमागे लागला. राज्यकारभार प्रजेला जबाबदार असावा, एवढीच ती गोष्ट.

आज ही मागणी साधी वाटते. १९३९ साली निजाम सरकारने घटनात्मक सुधारणा जाहीर केल्या, त्यांत सरसकट प्रत्येकाला मत नव्हतेच. जागा हितसंबंधांप्रमाणे वाटायच्या, काही सरकारने नेमायच्या, आणि कारभारी मंडळ कायदेमंडळाला नव्हे तर निजामालाच उत्तर देणार. गावच्या कुणब्याला किंवा मजुरिणीला या मांडणीत स्वतःचे असे स्थान कुठेच नव्हते.

हिप्परग्यानंतर स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले, आणि तिथून महाराष्ट्र परिषदेच्या कामात. तिचे १९३८ चे अधिवेशन लातूरला भरले होते. त्याच वर्षी स्टेट काँग्रेस निघाली, नव्हे, निघण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. १९४० मध्ये पुन्हा तुरुंग. १९४६ ला बंदी उठली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश झेंडे लावत होता, त्याच दिवशी हैदराबादेत स्वामीजींना पकडून नेले. मधे थोडे दिवस सुटका झाली, मग पुन्हा अटक. ते आत असतानाच, १९४८ च्या जानेवारीत, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लढ्यासाठी लुटली गेली. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला या प्रसंगाने नेहमी पेचात टाकले आहे. लुटणाऱ्यांनी त्या पैशांचा हिशेब ठेवला आणि मुक्तीनंतर तो सादर केला, हे वाचल्यावर मात्र आतला ऑफिसर जरा शांत होतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली, संस्थान भारतात आले, स्वामीजी सुटले. पुढची वर्षे त्यांना सोपी गेली नाहीत. गोविंदभाई श्रॉफांसारखे जिवाभावाचे सहकारी काँग्रेस सोडून गेले. पहिल्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले ते पक्षातल्या दुसऱ्या गटाचे बूर्गुल रामकृष्ण राव. स्वामीजींनी मंत्रिपद कधीच घेतले नाही. १९५२ ला ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि १९५७ ला औरंगाबादेतून. म्हणजे ज्या नांदेड-लातूरकडच्या माणसांना मत मिळावे म्हणून ते झिजले, त्यांना त्यांच्या नावापुढे मत टाकायची संधी कधी आलीच नाही. उमेदवार व्हायचे तर आधी मतदार असावे लागते. तेव्हा सगळे सोडलेल्या या माणसाचे नाव एका सरकारी यादीत मात्र होते, आणि ते त्यांनी राहू दिले.

त्याच पहिल्या निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळली. त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. औसा तालुक्यातल्या आमच्या आजीचे नाव गळता गळता राहिले. यादी करणाऱ्या मास्तरांनी उंबऱ्यात बसून तिचे नाव तिच्याच तोंडून काढून घेतले म्हणून. सासरी आल्यापासून ते तिने कुणाला सांगितले नव्हते, कुणी विचारलेही नव्हते. हे तिने मला १९८४ साली, माझ्या पहिल्या मतदानाच्या आदल्या रात्री, तांदूळ निवडता निवडता सांगितले. तेव्हा मी ते गंमत म्हणून ऐकले.

स्वामीजी २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत गेले. समाधी तिथेच, बेगमपेठेत आहे. हैदराबाद राज्य १९५६ लाच नकाशावरून पुसले गेले. त्यांचे गुलबर्गा कर्नाटकात गेले, औरंगाबाद महाराष्ट्रात, समाधी आज तेलंगणात. नांदेडला १९९४ पासून त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. पुढे बदली होईल त्या गावी मी बिऱ्हाड लावले की गॅसच्या नोंदणीआधी मतदार यादीचा अर्ज भरत आलो. बायको याला खूळ म्हणते.

आजीची गोष्ट अर्धी राहिली. १९५२ ला केंद्रावर तिला नवऱ्याचे नाव विचारले आणि ती अडली. ते घ्यायचे कसे? मागे उभ्या असलेल्या दिराने सांगितले, तेव्हा कुठे हाताला मतपत्रिका मिळाली. हे तिला फार लागले. १९५७ ला ती तयारीनिशी गेली. टेबलावरच्या साहेबाने नाव विचारताच तिने पदर सावरून खणखणीत उखाणा घेतला. सगळी रांग हसली, साहेबही हसला, आणि त्याने यादीत खूण केली.